डावी बाजू

३ मार्च
शेडचं कुलूप शेवटी तोडलं. किल्ली माझ्या नवऱ्याच्या, डेसच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबरच समुद्रात गेली. चार वर्षं दाराला हात लावला नव्हता. ताडपत्री ओढली, तर उभी आहे मेली! त्याची लाडकी ट्रायम्फ मोटारसायकल.

ब्रायनी फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक. गिऱ्हाईक रविवारी येतंय, तेवढा क्रोमचा गंज काढून ठेव." लेकीला सोपं वाटतं सगळं.

४ मार्च
नॉरिसला विचारलं. डेसबरोबर तीस वर्षं मोटारसायकली फिरवल्यात त्याने. "तारेची घासणी लावशील तर खबरदार! ओरखडे पडतात. फॉइलचा बोळा कर, पाण्यात बुडव, हलक्या हाताने घास."

उजवा सायलेन्सर केला. हात काळेकुट्ट. पण निघतोय गंज.

५ मार्च
चाकांच्या रिमची उजवी बाजू. नख तुटलं. रडले. नखासाठी नाही.

६ मार्च
इथे तरी लिहूनच टाकते.

त्या नोव्हेंबरात सकाळी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "माझ्यापेक्षा ती गाडीच प्यारी ना तुला? मग जा तिच्याबरोबर, परत येऊ नकोस!" तो उठला, शेडमध्ये गेला. दुपारी तसल्या वादळी वाऱ्यात बंदराच्या धक्क्यावर गेला आणि तिथल्या पायऱ्यांवरून पाण्यात. त्याच्याकडे ना गळ, ना बोट. पोलिस सारखं तेच विचारत होते, "मग तिथे गेले कशाला?" चौकशीच्या निकालात लिहिलं – अपघात की आणखी काही, सांगता येत नाही.

दुकानात मला बघितलं की बायका गप्प होतात. होऊ देत. मला ठाऊक आहे ना. मीच ढकललं त्याला, तोंडाने ढकललं!

७ मार्च
आज डावी बाजू. शी! तिथे गंज नाहीच, नुसता तपकिरी चिकटा. काकवी ओतून ठेवल्यासारखा, त्यात धूळ आणि मेलेल्या माश्या. साबणाच्या पाण्याने थोडा पुसला, तर खाली क्रोम नव्यासारखा. एक ठिपका नाही! एकच बाजू कशी गंजते? काही कळेना. उद्या नॉरिसला बोलावते.

८ मार्च
नॉरिस आला. मी फडकं उचललं तर हातच धरला त्याने.

"थांब, थांब! अगं, हे ग्रीस आहे. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने गंज चढतो, म्हणून त्याआधी आम्ही क्रोमला थापतो. वसंतात पुसायचं आणि निघायचं फिरायला."

"मग उजवीकडे का नाही थापलं?"

डोकं खाजवत बसला. "डेस आणि अर्धं काम? छे! तो चहासुद्धा अर्धा टाकत नसे." मग गुडघ्यांवर बसून गाडीखाली हात घातला आणि एक डबा काढला. रिकामा. आतून बोटांनी निपटून घेतलेला, बोटांच्या खुणा तशाच.

"संपलं होतं गं," तो म्हणाला.

मी डबा हातात घेतला. "कुठे मिळतं हे?"

"कुठे म्हणजे? धक्क्याच्या टोकाला, बोटींच्या सामानाच्या दुकानात. आम्ही सगळे तिथूनच तर..."

बोलता बोलता त्याने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मी तिथेच जमिनीवर बसले. त्याने चहा करून आणला, तो गार झाला.

९ मार्च
गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळवलं. ग्रीसचा नवा डबा आणायला धक्क्यावर गेले. दुकानाच्या अलीकडेच त्या पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या, धरायला काही नाही. उजव्या बाजूला ग्रीस थापलं.

परत येणार होता तो!