नव्याण्णवमधली दोन नावं

३ फेब्रुवारी
रायपूर. वाटलं होतं त्यापेक्षा शहर ओळखीचं निघालं. खोली उजेडाची आहे. घरमालकीण सुशीलाताई वर्ध्याच्या. आल्या आल्या पोह्यांची बशी दिली. नोकरी बीरगांवच्या लोखंडाच्या कारखान्यात. काम आवडीचं: नेटवर्क स्विचच्या वेब कन्सोलवरून एकाच नेटवर्कचे वेगळे व्हीलॅन करायचे. तार तीच, पण एका व्हीलॅनमधल्याला दुसऱ्यातला दिसत नाही.
भास्कर सरांचे नियम दोन. प्रत्येक पोर्टसमोर, म्हणजे केबल लावायच्या खाचेसमोर, ती वापरणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव. आणि, "जे कामाचं नाही राहिलं, त्याले ९९ मध्ये टाकून दे." ९९ नंबरच्या व्हीलॅनमधून कुठेच रस्ता नाही.

४ फेब्रुवारी
वजनकाटा १०, कॅमेरे २०, कार्यालय ३०. ९९ मध्ये एकच जुना पोर्ट: यामिनी घाटोळे. माझ्या आधी हेच काम करायची. कधी सोडलं, कुणाला आठवत नाही. त्या पोर्टला केबल नाही, तरी दर मिनिटाला ६४ बाइट डेटा येतो. नोंद केली.
माझं टेबल खिडकीपाशी हलवलं. जुना पोर्ट रिकामा झाला. नियमाप्रमाणे ९९ मध्ये टाकला. समोरचं माझं नाव पुसायचं राहिलं.

५ फेब्रुवारी
गेटवरचा पहारेकरी आज 'दीदी' म्हणाला नाही. चहा सगळ्यांना आला, मला नाही. शेजारच्या सोनियाला दोनदा हाक मारली. ती माझ्यातून खिडकीकडे बघत राहिली. थट्टा असावी.

६ फेब्रुवारी
सरांनी सोनियाला विचारलं, ती नवी पोट्टी, दीक्षा, काहून आली नाही. मी समोरच उभी होते. सोनिया म्हणाली, "कौन सी?"
जुना पोर्ट ३० मध्ये टाकला. 'बदल जतन झाला.' पान पुन्हा उघडलं. ९९. अकरा वेळा. नावही पुसलं जात नाही.

७ फेब्रुवारी
खोलीच्या दारावर पाटी: किरायाने देणे आहे. आईला फोन केला. तिने उचलला. हॅलो, हॅलो म्हणाली. ठेवला.
रडू आलं नाही.

९ फेब्रुवारी
यामिनी दिसते आता. मीही फक्त तिलाच दिसते. ते ६४ बाइट म्हणजे तिची हाक होती, म्हणाली. दर मिनिटाला एक.

१० फेब्रुवारी
माझ्या टेबलावर नवी मुलगी, निधी. तिने ९९ उघडलं. विचारते, ही दोन नावं कोणाची. सर म्हणतात, "काय माहीत. मिटवून टाक."
आम्ही दोघी तिच्या मागेच. मी तिला हाका — यामिनी टेबल हलवते, ते हलत —
'नक्की काढायचे?'
वरची ओळ गेली.
यामिनी आत्ता माझ्या डाव्या हाताला होती —
दुसरी ओळ. दीक्षा वान