चौथी पट्टी

४ मार्च, मंगळवार

१. साडेदहाला इमारतीवर पोचले. सोळा फ्लॅट. सोळाही ताईने विकलेले, इस्टेट एजंट होती तेव्हा.
२. दोन महिन्यांपूर्वी मी भिंतींच्या भेगांवर काचेच्या चार पट्ट्या चिकटवल्या होत्या. भेग वाढली की काच तुटते.
३. तीन पट्ट्या शाबूत.
४. चौथी, जिन्याच्या वळणावरची, तुटलेली.
५. वॉचमनची शिडी परत केली.
६. ऑफिसात अहवाल दिला : भेग वाढते आहे, इमारत रिकामी करावी.

लिहिलेलं पुन्हा तपासलं. पहिल्या पाच नोंदी बरोबर आहेत.

५ मार्च, बुधवार

बाबांकडे गेले होते. हॉलमध्ये ताईचा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीचा फोटो. त्या खिळ्यावर आधी माझं इंजिनिअरिंगच्या पदवीचं प्रमाणपत्र होतं. ते आता पॅसेजमध्ये, विजेच्या मीटरच्या वर.

बाबांचे कोणी स्नेही आले होते. ‘‘तुम्ही नगरसेविकाबाईंच्या धाकट्या ना? त्यांच्यासारखं बोलता येतं का?’’

‘‘नाही. मोजता येतं.’’

बाबा हसले. ‘‘हिला माणसांपेक्षा टेप बरी वाटते.’’

ताई दहावीला गणितात दोनदा नापास. तिची गणितं मी सोडवायचे, तीन वर्षांनी लहान असून. एजंट झाली तेव्हा नकाशेही मीच काढून द्यायचे. तिची एकच युक्ती : गिऱ्हाइकाला आधी घरातलं सगळ्यात वाईट दाखवायचं — ओलीची भिंत, अंधारी मोरी. ‘‘मग चांगलं सांगितलं की खरं वाटतं गं.’’ एवढ्या भांडवलावर निवडून आली. मला हेवा वाटतो. इथे लिहायला हरकत नाही.

६ मार्च, गुरुवार

अहवालाची प्रत ताईला पाठवली. दिवसभर फोनची वाट पाहिली. म्हणेल, जरा दाबून ठेव, माझं नाव खराब होतंय. त्यावरचं उत्तर तयार ठेवलं होतं, शब्दन् शब्द.

साडेचारला फोन आला. ‘‘पट्टी तू स्वतः पाहिलीस ना?’’

‘‘पाहिली.’’

‘‘मग झालं.’’

तयार केलेलं उत्तर तसंच राहिलं.

१० मार्च, सोमवार

इमारतीच्या पार्किंगमध्ये बैठक. मी मागे, खांबाला टेकून.

ताई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढली नाही, माइक घेतला नाही. म्हणाली, ‘‘ही घरं मी विकली. तुम्ही मला शिव्या द्या, मी ऐकून घेते. पण माझ्या बहिणीचं माप आजवर चुकलेलं नाही. ती म्हणते रिकामं करा, तर करायचं.’’

पहिल्या मजल्यावरचा टेलर ओरडला, ‘‘आणि तुमची खुर्ची शाबूत का?’’

‘‘नाही. पुढच्या सोमवारी राजीनामा देते.’’

मग दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘‘तू म्हणतेस म्हणून उठते हो. नाहीतर मला इथून क्रेननेच उचलायला लागलं असतं.’’ लोक हसले. ताईही हसली आणि डोळे पुसून त्यांच्या पुस्तकांची खोकी बांधायला वर गेली.

मी पाहत होते. शिवी द्यायची तरी लोक तिच्याकडेच तोंड करतात. राजीनाम्याचा शब्द तिने उच्चारला त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला. आधी तो, मग बाकीचं.

निघताना तिने माझ्या हातावर थोपटलं. ‘‘बरं झालं तू होतीस. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मी शंका काढली असती.’’

११ मार्च, मंगळवार

सोळापैकी नऊ घरं रिकामी. मास्तरीणबाई लेकीकडे गेल्या. त्यांच्या कुंड्या जिन्यातच राहिल्यात, चौथ्या पट्टीच्या खाली.

१२ मार्च, बुधवार

काही लिहायचं नाही.

१३ मार्च, गुरुवार

ताईला पाठवलेल्या निरोपाची नक्कल :

ताई, सगळ्यात वाईट ते आधी. चौथी पट्टी भेगेने तुटली नाही. शिडी काढताना तिचं टोक लागलं, माझ्या हातून. अहवाल लिहिताना मला हे माहीत होतं. इमारत ठीक आहे. राजीनामा देऊ नकोस. खरं काय ते लिहून मी शनिवारी सकाळी ऑफिसात देणार आहे, आणि मग सोळाही कुटुंबांची दारं, ती असतील तिथे जाऊन, स्वतः वाजवणार आहे. तू बरोबर येणार असलीस तर उद्या, शुक्रवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळव.