कॅरियर नसलेली सायकल

बाबा, मी सायकल घेतली. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली, मी पन्नाशीला टेकले, आणि आत्ता कुठे मुलुंडच्या एका दुकानातून स्वतःची पहिली सायकल घरी आणली. तुम्ही कामावर न्यायचात तसली काळी, दणकट नाही. ही रोडबाइक आहे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर अंगठ्याएवढे, आणि इतकी हलकी की मी ती उचलून जिना चढते. दुकानातल्या मुलाला मी विचारलं, "हिला कॅरियर कधी बसवून देणार?" तो हसला. मग माझा चेहरा बघून जरा सांभाळून म्हणाला, "मॅडम, रोडबाइकला कॅरियर कोण लावतं? मागे कुणी बसणार आहे का?" बसणारं कुणी नव्हतं. मला कॅरियर हवं होतं ते कुणालातरी मागून धरता यावं म्हणून, पण हे त्याला कसं सांगणार? म्हटलं, राहू दे. घरी आणून हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, तर पाणी चेनवर उडालं आणि तुमची नात ओरडली, "आई, गंज पकडेल ना यार!"

मी अजून शाळेत आहे, रविवारची सकाळ आहे. विक्रोळीला कारखान्याच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर तुम्ही माझ्यासाठी तासाच्या भाड्याने लहान सायकल आणली आहे. मी पॅडल मारतेय आणि तुम्ही लेंगा वर खोचून, दोन्ही हातांनी कॅरियर धरून मागून धावताय. "भिया नको गो, मी आसंय मागे," तुम्ही सारखं म्हणताय. रस्त्यावर चाळीतल्या इतर मुलींचे वडीलही आहेत. ते थोडं धावतात आणि हात काढून घेतात. मुली धाडकन आपटतात, गुडघे सोलवटतात, भोकाड पसरतात, आणि पुढच्या रविवारी एकट्या सायकल पळवत असतात. मी कधी पडले नाही. शेजारचे काका ओरडायचे, "अहो, सोडा की आता तिला!" तुम्ही धापा टाकत म्हणायचात, "सोडतंय, सोडतंय." घरी आल्यावर आई घावणे घालता घालता म्हणायची, "पोरगी बोहल्यावर चढली तरी हे काही कॅरियर सोडायचे नाहीत." तुम्ही हसायचात. मीही हसायचे. मग मी मोठी झाले, तुम्ही मागे धावताय हे विचित्र दिसायला लागलं, आणि रविवारच्या सायकली बंद झाल्या. मला सायकल येते असं सगळ्या चाळीला वाटत राहिलं. तुम्हालाही तसंच वाटत असावं.

तुम्ही असे का होतात, हे मला फार उशिरा कळलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी आम्हा घरच्यांना आत सोडायचे. सगळीकडे झेंडूच्या माळा, पेढे, नवे शर्ट घातलेले कामगार. तुम्ही मला क्रेनखाली नेऊन तुमची उभं राहायची जागा दाखवलीत. क्रेन माल उचलते तेव्हा त्याला एक दोर बांधलेला असतो, तो हातात धरून मालाबरोबर चालत जायचं, हे तुमचं काम. "माल जमिनीक टेकल्याशिवाय दोर सोडूचो नाय," तुम्ही म्हणालात. "अधांतरी सोडलो तर तो गिरक्या घेता, आणि कोणाचो तरी जीव जाता." तुम्ही हे इतक्या गंभीरपणे सांगितलंत की माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. आयुष्यभर तुम्ही तो दोर धरलात आणि तुमच्या हाताखाली कुणाला इजा झाली नाही, याचा तुम्हाला केवढा अभिमान होता! पण बाबा, सायकल अधांतरी असतानाच सोडावी लागते. टेकल्यावर सोडून काय उपयोग? आणि नुसती सायकलच नव्हे. घाटकोपरच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता तेव्हा तुम्ही सोबत आलात, मी जिना चढेपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभे राहिलात, आणि संध्याकाळी खाली उतरले तर पुन्हा तिथेच. बरोबरच्या मुली महिनाभर मला चिडवत होत्या. पुण्याला बदली घेऊन बढती मिळत होती, तर "तिथे आपला कोण आसा?" एवढं विचारलंत आणि मी गेले नाही. मला तुमचा राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. मी काय क्रेनला टांगलेला माल होते?

शेवटी सायकल शिकवली ती तुमच्या नातीने. तिची जुनी सायकल इमारतीच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. एका सुट्टीच्या दिवशी मी तिला म्हटलं, "मला येत नाही गं." तिला आधी खरंच वाटेना. मग ती पाना घेऊन आली आणि तिने दोन्ही पॅडल काढून टाकली. सीट खाली केली आणि म्हणाली, "आता बस, आणि पायाने ढकलत उतारावरून खाली जा." मी म्हटलं, "तू मागून धर की." तर म्हणते, "कशाला? पाय आहेत ना जमिनीवर. मी धरलं तर तू माझ्या भरवशावर राहशील." मी वॉचमनच्या देखत बदकासारखी वर-खाली करत राहिले. काही दिवसांत पाय आपोआप उचलले गेले. तिने पॅडल परत लावली आणि मोबाइल बघत बसली. मी पार्किंगला फेरी मारून आले तरी तिने मान वर केली नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

रस्त्यावर मात्र माझं वेगळंच चालू झालं. रविवारी पहाटे आमचा ग्रुप हायवेने मुलुंडच्या नाक्यापर्यंत जातो. कांजूरला वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो, तेवढा पट्टा श्वास रोखून काढायचा. पुढे थोडं उजाडतं आणि मिठागरांकडून गार हवा येते. ग्रुपमध्ये एकाने सगळ्यात शेवटी राहायचं असतं, कुणी मागे पडलं तर बघायला. आमच्यात ते काम एका रिटायर्ड सरांचं. मी दर थोड्या वेळाने विचारायचे, "सर, आहात ना मागे?" आणि ते म्हणायचे, "आहे गं, तू चल." एकदा विचारलं आणि उत्तरच आलं नाही. वळून बघितलं तर मागे रिकामा हायवे. मी उतरले, सायकल कठड्याला टेकवली आणि तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळाने सर आले. त्यांचा टायर पंक्चर झाला होता.

"तू का थांबलीस? तुझं काय झालं?"

"मागे कुणी नव्हतं म्हणून."

"अगं, मागे असून मी काय करणार? पडलीस तर उचलीन, बस. पडण्यापासून थांबवू शकत नाही मी."

सगळे हसले, मीही हसले, पण मला ते फार लागलं. घरी येऊन ठरवलं की कुणीही मागे नसताना एक चढ चढायचा. नाही जमलं तर सायकल विकून टाकायची, उगाच दिवाणखान्यात मिरवायची नाही.

आज ग्रुप लोणावळ्याला गेलाय, ते अंतर माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण घरी मी ग्रुपबरोबर चाललेय असंच सांगितलं आणि ठाण्यापर्यंत जाऊन येऊरच्या डोंगराचा चढ एकटीने धरला. पहिल्याच वळणावर छाती भात्यासारखी चालायला लागली. मांड्या पेटल्या. गिअर सगळ्यात हलका करून झाला, त्यापुढे हलकं व्हायला काही उरलं नाही. एका वळणावर माकडं कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी मोठ्याने त्यांना शिवी दिली आणि चढत राहिले. वर पोचले, तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. एक दूधवाला मोटारसायकलवरून गेला, तेवढंच. पाणी प्यायले आणि उतरायला लागले. वळणावर ब्रेक दाबत, मग सोडत, वारा कानात भरला, आणि माझ्याही नकळत मी गात होते. कुठलं गाणं ते आता आठवतसुद्धा नाही. पायथ्याशी येऊन चहा घेतला, बरोबर एक वडापाव, मग आणखी एक.

आंघोळ करून, केस पुसत बसले तेव्हा लक्षात आलं. हे मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या नातीलाही नाही, म्हणून लिहून टाकते. चढ सुरू झाल्यापासून खाली उतरेपर्यंत मला तुमची एकदाही आठवण आली नाही, बाबा. तुम्ही गेल्यापासून काही नवीन करताना असं पहिल्यांदाच झालं. वाईट वाटलं, थोडं रडलेही. पण येत्या रविवारी मी परत एकटीच जाणार आहे.