एक काठी आणि सहा इंच

ता. ४ मार्च

चि. आखूडराव यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठणठणीत. बाबांच्या डोळ्यांत आता नुसता उजेड-अंधार तेवढा उरलाय. बाकी जीभ होती तशीच आहे. वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि रंध्याच्या आवाजावरून माझ्या चुका काढतात.

काम असं की आपल्याकडे एक ओंडका आलाय. शाळेच्या मागचं ते जुनं झाड पडलं, त्याचं खोड. वाचनालयाला एकसंध फळीचं टेबल हवंय, मधे सांधा नको. ओंडक्याचं तोंड बाबांच्या मापाच्या काठीने भरलं एक काठी आणि सहा इंच, म्हणजे बेचाळीस. माझ्या साखळी-करवतीला छत्तीस इंची बार आहे, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी. ती अर्ध्या वाटेत उताणी पडते. तू करवतींच्या दुकानात गल्ल्यामागे उभा असतोस असं कळलं. मोठ्ठा बार कुठला घ्यावा ते कळव. साठ इंची मिळतो म्हणे. घ्यायचाच तर दणकट घेऊ.

माप मी घेतलंय, तेव्हा घाबरू नकोस, दोन-दोनदा वाचून बघू नकोस. मोजमाप सोडून बाकी सगळं तुला जमतं, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

उत्तर लवकर धाड, माया नंतर धाडलीस तरी चालेल.

तुझा,
दादा

ता. ९ मार्च

ति. दादा यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानात आलं. पाकिटावरही तू "आखूडराव" लिहिलंस, त्यामुळे आता इथला हमालसुद्धा मला त्याच नावाने हाक मारतो. तुझी माया पोचली.

आता कामाचं. फळी पाडायची म्हणजे करवत चौकटीत आडवी बसवायची. चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या पकडी मिळून बारची सहा इंचं खातात. म्हणजे ओंडका बेचाळीस असेल तर अठ्ठेचाळीसचा बार जेमतेम, अंगाला घासून जाणार. आणि साठचा म्हणशील तर तुझं मशीन तो ओढणार नाही. एवढी लांब साखळी, त्यात सगळेच्या सगळे दात लाकडात, मशीन धापा टाकत बंद पडेल, नाहीतर बार तापून वाकेल. तेलसुद्धा टोकापर्यंत पोचत नाही. टोकाला वेगळी तेलाची बाटली आणि नळी लावावी लागते, आणि टोकाची मूठ धरायला दुसरा माणूस लागतो. साखळीही उभ्या चिरकामाची वेगळ्या दातांची हवी. हौसेने मोठा बार घेऊन पाय गमावलेलं एक गिऱ्हाईक आमच्याकडे अजून येतं, कुबड्या टेकत.

तेव्हा सगळा खेळ इंच-दोन इंचांचा आहे. कृपा करून स्टीलच्या टेपने एकदा मोज. बाबांना माझा नमस्कार सांग. सांगतोस ना?

तुझ्या लोभाची वाट पाहणारा,
धाकटा

ता. १४ मार्च

चि. आखूडराव यास,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. टेपने मोज म्हणालास ते ऐकून म्हातारा इतका हसला की ठसका लागला. म्हणाले, काठीवर विश्वास नाही अशा माणसाने झाडाच्या सावलीतही बसू नये.

आपल्याकडे नियम काय आहे ते विसरलास का रे? ओंडका काठीने, फळी टेपने. आणि हा नियम कोणामुळे करावा लागला? वसतिगृहाचे चौदा दरवाजे सगळेच्या सगळे चार इंच आखूड कोणी कापले होते? माणसं दारातून वाकून बघत होती आणि खालून कुत्री आतबाहेर करत होती. बाबांनी त्या दिवशी तुझी पेटी अंगणात फेकली, तेव्हा मीच ती उचलून तुला फाटकापर्यंत आणून दिली होती. तेवढी तरी आठवण ठेव.

साठचाच बार पाठव. मशीन माझं आहे, पायही माझेच आहेत.

लोभ आहेच, वाढवायला सवड नाही.

तुझा,
दादा

ता. १८ मार्च

ति. वहिनीस,

सा. न. वि. वि. पत्र मुद्दाम तुमच्या शिवणाच्या दुकानावर लिहितोय. रागावू नका. दादाला साठ इंची बार पाठवला तर तो किंवा टोकाला उभा राहणारा जायबंदी होईल, आणि नाही पाठवला तर तो दुसरीकडून आणेल. दुपारी दादा जेवून आडवा झाला की त्या ओंडक्याचं तोंड तुमच्या टेपने मोजाल का? रुंद बाजूने, सालीसकट.

आणि आणखी एक, म्हटलं तर वेडेपणाच. बाबांची काठीही मोजाल का? ती छत्तीस इंचांची आहे असं आपण सगळेच धरून चालतो. चौदा वर्षं मी एकच गोष्ट मनात घोळवतोय. दरवाजा होता अठ्ठ्याहत्तर इंची. मी दोन काठ्या आणि वर सहा इंच असं मोजलं होतं. चौदाही वेळा तेच, चौदाही वेळा नीट. माणूस चुकला तर एकदा इकडे, एकदा तिकडे चुकतो. मोजून चार इंच, चौदा वेळा, कसा चुकेल?

वहिनी, मला परत यायचं नाही. वर्कशॉपही दादालाच लखलाभ. फक्त बाबा आहेत तोवर त्यांच्या कानावर पडावं की त्यांच्या धाकट्याचा हात चुकला नव्हता. याहून मला काही नको.

तुमचा,
भावोजी

ता. २३ मार्च

चि. भावोजींस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मोजलं. तीन वेळा मोजलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. ओंडका बरोबर चाळीस. बेचाळीस नाही.

आणि काठी चौतीस आहे हो. छत्तीस नाही.

खिळ्यावरून काढून उजेडात नेली. दोन्ही टोकांना पितळी टोप्या आहेत ना, त्यातल्या एकीला जुन्या बारीक चुका ठोकलेल्या आहेत, काळ्या पडलेल्या. दुसरीला स्क्रू आहे. टोपी जरा हलवली तर आतलं लाकूड करवतीने कापलेलं दिसलं, अगदी सरळ. मामंजी चुका सोडून स्क्रू कधी लावत नाहीत, त्यांना स्क्रूचा राग येतो. या घरात स्क्रू कोण लावतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. चौदा वर्षं मी त्या काठीवरची धूळ पुसतेय.

हे पत्र फाडून टाका. जिवाला जपा, आणि माझं नाव घेऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. २७ मार्च

ति. दादा यास,

सा. न. वि. वि. सोबत अठ्ठेचाळीसचा बार, चिरकामाची साखळी आणि तेलाची बाटली पाठवतोय. साठचा नाही. ओंडका चाळीस इंच आहे, पकडींचे सहा धरून शेचाळीस, वर दोन इंच मोकळे. मशीन सहज ओढेल. कापताना दाबू नकोस, करवत आपल्या वजनाने जाऊ दे.

आता मला कसं कळलं ते. साध्या शिवणाच्या टेपने मोजूनही कळतं, दादा. काठी चौतीस आहे. दोन काठ्यांना चार इंच कमी. तुझ्या लक्षात आलंच असेल.

कोणी कापली ते मी विचारत नाही. खरंच विचारत नाही. तेव्हा आपण दोघं पंचविशीच्या आतले होतो, बाबा माझ्या हाताचं कौतुक तुझ्यासमोर करायचे आणि ते मलाही टोचायचं. झालं गेलं. फक्त या पत्रासोबतचा कागद बाबांना वाचून दाखव. चारच ओळी आहेत. "बाबा, माझा हात चुकला नव्हता. काठी आखूड झाली होती. मी तुमच्यावर रागावलेलो नाही. तुम्ही शिकवलं तसंच मोजलं होतं." बस्स. दुसऱ्या कोणालाही वाचायला सांगितलं असतं, पण तुझ्या तोंडून आलं तर त्यांना पटेल. एवढं कर, मी जन्मभर तुझा गुलाम होईन.

हात जोडून,
धाकटा

ता. १० एप्रिल

भावोजी,

तुम्ही माझं नाव नाही घेतलंत, पण या घरात शिवणाची टेप एकच आहे.

मी काहीही मोजलेलं नाही. काठीला मी कधी हात लावलेला नाही. मामंजींनी उद्या विचारलं तरी मी हेच सांगणार. मला दोन मुली आहेत आणि मी याच छपराखाली झोपते. दुकानावर पत्र पाठवू नका. दुकान आता बंद आहे. मशीन यांनी विकलं.

वहिनी

ता. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. हे बाबा सांगतायत आणि दादा लिहितोय. तुझा बार उत्तम निघाला. मला खुर्चीसकट ओंडक्याजवळ नेलं होतं. करवत एका सुरात चालली, कुठे अडखळली नाही. पहिली फळी निघाली तशी मी तिच्यावरून हात फिरवला. दोन्ही हात ताणले तेव्हा कुठे कडा लागली. अशी फळी मी उभ्या आयुष्यात पाडली नाही. तू निवडलेला बार आहे हे सगळ्यांना सांगितलं.

मग दादाने तुझा कागद वाचला. तू लिहिलंस की बाबा, माझाच हात चुकला होता, तुम्ही शिकवलं तसं मी मोजलं नाही, इतकी वर्षं उगाच काठीवर खापर फोडलं, मला क्षमा करा. ऐकून मला रडू आलं. दादालाही आलं, त्याला पुढे वाचवेना. पोरा, दरवाज्यांचं काय घेऊन बसलास, लाकूड पुन्हा उगवतं. मला राग होता तो तू कबूल करत नव्हतास याचा. आज तू माणूस झालास. मी तुला मनापासून माफ केलं आहे. आता ये. तुझी पेटी ठेवायची जागा अजून रिकामी आहे. लवकर ये, मला दिसत नाही, पण हात धरला की ओळखेन.

बाबा

ता. १९ एप्रिल

चि. आखूडराव यास,

आशीर्वाद. वि. वि. सोबतचं बाबांचं पत्र टाकायचं राहूनच गेलं, कामाच्या गडबडीत. मंगळवारी दुपारी बाबा गेले. खुर्चीतच गेले, फार त्रास झाला नाही. शेवटपर्यंत तुझीच वाट बघत होते, दारात पाऊल वाजलं की मान वळवायचे. तुझ्या माफीने त्यांना खरंच शांत वाटलं, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळं उरकलंय, तू धावपळ करून यायचं कारण नाही.

त्यांची काठी त्यांच्याबरोबरच चितेवर दिली. फार जीव होता त्यांचा तिच्यावर.

टेबल छान झालं. साखळी मात्र बोथट झाली आहे, दुसरी पाठव. माप तुझ्याकडे आहेच.

माया आहे तेवढी पुरवून वापर.

तुझा,
दादा