काउंटरवर तेज पाहिजे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो म्हणून प्रत्यक्षात अर्धाच घातला आहे, उरलेला मनाने घातला असं समज.) तुझी पाठ, भावोजींचं पोट आणि तुमच्या गॅलरीचं गळकं छप्पर, तिघांचीही तब्येत आता सुधारली असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी बरी आहे असं म्हणवत नाही, पण त्याला कारण तूच असल्यामुळे तुझ्याकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. तरी करते.

तू पाठवलेली डबी पोचली. झाकणात आरसा, आत मोत्याच्या रंगाची वडी, आणि सोबत तुझी चिठ्ठी, की हे हायलायटर आहे, गालांवर लाव, चेहरा उजळतो. आता ह्या नावाचं मी आजवर फक्त पेन पाहिलं होतं. ऑफिसातली माणसं त्याने कागदावरच्या महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करतात. माझ्या चेहऱ्यावरच्या महत्त्वाच्या ओळी लोकांच्या नजरेस आणून द्यायची मला काडीचीही हौस नव्हती, आणि डबी कपाटातच राहिली असती. पण मध्ये ती खुर्ची आली.

तुला माहीतच आहे, चष्म्याच्या दुकानात मी इतकी वर्षं मागच्या खोलीत काचा घासते. मशीनच्या पाण्याने बोटं धुणं धुतल्यासारखी होतात, दिवसभर उभं राहून टाचा ठणकतात, आणि खिडकी म्हणून जी आहे तिच्यातून शेजारच्या इमारतीचा पाइप दिसतो. काउंटरवरच्या बाई आता मुलाकडे राहायला निघाल्या. काउंटरला खुर्ची आहे, ताई, पाठीला उशी असलेली. समोर रस्ता आहे, येणारीजाणारी माणसं आहेत. मी धीर करून मालकांना म्हटलं, तिथे मी बसते. मालक हात चोळत म्हणाले, "तुमच्या कामाला तोड नाही हो बाई. पण काउंटरवर कसं, चेहऱ्यावर जरा तेज पाहिजे." (त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मी आजवर घामाखेरीज काही पाहिलेलं नाही.) शेवटी शनिवारी एक दिवस बसून दाखवा, नाही जमलं तर सोमवारी जाहिरात देतो, असं ठरलं. घरी आले ती थेट कपाटाकडे.

आता अडचण बघ. चष्मा लावला तर नाकावर पावडर लावता येत नाही, आणि काढला तर आपलं नाक कुठे संपतं नि आरसा कुठे सुरू होतो ते समजत नाही. गावभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासणाऱ्या बाईवर ही वेळ! डबीच्या मागे सूचना होत्या, पण त्या मुंगीने लिहिल्या असाव्यात. शनिवारी सकाळी मी चष्मा काढून अंदाजाने एक हात फिरवला, काही दिसेना. दुसरा फिरवला, तरी दिसेना. मग भिंतीला रंगारी देतो तसा कपाळापासून हनुवटीपर्यंत सढळ हात दिला आणि चष्मा चढवला. तोवर पावडर उडून चष्म्यावरही बसली होती, त्यामुळे आरशात जी बाई दिसली ती खरोखरच तेजस्वी होती. मागची बादलीही तेजस्वी होती. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण हवं तेच दिसत असलं की चष्मा कोण पुसतो?

आमचे हे बाहेर पेपर वाचत बसले होते. मी मुद्दाम दोनदा समोरून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "जरा बाजूला हो, डोळ्यावर उजेड येतोय." एवढ्यावर थांबले नाहीत, उठून खिडकीचा पडदा ओढला. (पडदा!)

दुकानात मात्र मालक खूश. ते स्वतः चष्मा लावत नाहीत. चष्म्याचं दुकान, आणि लावला की वय दिसतं म्हणे. त्यामुळे दोन हातांपलीकडचं जग त्यांना अंदाजानेच माहीत असतं. "वा, आज कसं प्रसन्न वाटतंय," असं माझ्या दिशेने म्हणून ते आत गेले. मी खुर्चीत बसले. काय सांगू ताई, टाचांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला.

घात केला फडक्याने. काचा पुसायचं पिवळं फडकं कायम माझ्या खांद्यावर असतं. काउंटरवर ऊन येतं. (खिडकीची हौस!) घाम आला की मी हळूच त्या फडक्याने नाक टिपायची, आणि मग त्याच फडक्याने गिऱ्हाइकाच्या चष्म्याला शेवटचा हात मारून "हं, आता बघा" म्हणत त्यांच्या नाकावर चढवायची. दुकानात सगळ्यांना झकास दिसत होतं. गिऱ्हाइकं बाहेर उन्हात गेली आणि मग परत यायला लागली. एका शाळेतल्या बाईंना फळ्यावर चांदण्या दिसत होत्या. एक टॅक्सीवाला म्हणाला, "मॅडम, समोरची गाडी दिसते, पण लग्नात सजवल्यासारखी दिसते." मी निरागसपणे सगळ्यांना आतल्या डॉक्टरांकडे पाठवत राहिले.

हे डॉक्टर तरुण आहेत आणि एखाद्या मोठ्या आजाराच्या शोधात आहेत, आमच्याकडे बिचाऱ्यांना नुसते नंबर तपासावे लागतात. त्यांचाही चष्मा सकाळी मीच पुसून दिला होता. त्यामुळे त्यांना प्रत्येक पेशंटच्या डोळ्यांत चमचम दिसायला लागली. तिसऱ्या पेशंटनंतर त्यांचा आवाज बदलला. चौथ्यानंतर त्यांनी आपल्या जुन्या सरांना फोन लावला. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं, "सर, साथ आहे! नाव काय द्यायचं?"

साथीचं ऐकून मालक धावत गेले, आणि डॉक्टरांनी टेबलावर काढून ठेवलेला चष्मा, काय भानगड आहे ते पाहायला स्वतःच्या डोळ्यांवर चढवून बाहेर आले. त्यातून त्यांनी इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा नीट पाहिलं.

"बाई! तोंडाला काय झालंय तुमच्या?"

"तेज," मी म्हटलं.

पुढचं लिहीत नाही. दुपारभर साबणाच्या पाण्याने एकेक चष्मा धुऊन दिला आणि माझी मागच्या खोलीत पाठवणी झाली. मशीनने मला ओळख दाखवली नाही.

दुकान बंद करायच्या बेतात होतो तेवढ्यात 'दुर्बीण' आले. हे जमीन मोजणी खात्यातले निवृत्त साहेब. आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून गेलं, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. रेषा केसभर वाकडी दिसते म्हणत प्रत्येक चष्मा चारदा परत आणतात, पण त्या खात्यातले झाडून सगळे पेन्शनर त्यांच्या शब्दावर आमच्याकडेच चष्मे करतात, म्हणून मालक त्यांना सोसतात. म्हणजे त्यांना पाहिलं की गोदामात जातात. सकाळी त्यांचा चष्मा मीच चढवला होता. मी मुकाट्याने साबणाचं पाणी पुढे केलं. त्यांनी चष्मा दोन्ही हातांनी धरून ठेवला. "हात लावायचा नाही!" मग जरा पुढे झुकून म्हणाले, "दुपारी चहाला बसलो होतो. ही समोर. खिडकीतून ऊन. हिच्याभोवती नुसता उजेड हो, बाई. बघतच राहिलो. ही म्हणाली, काय बघताय, चहा निवतोय. म्हटलं, निवू दे." एवढं बोलून ते स्वतःच ओशाळले.

मालक गोदामातून प्रकटले. "ती आमची स्पेशल काच आहे साहेब, जरा महाग पडते." ताई, खोटं मला एरवी चालतं. पण माझ्या घामाला मालकांनी भाव लावावा हे नाही चालत. मी म्हटलं, "काच साधीच आहे. फडक्याला लागलेली माझ्या तोंडावरची पावडर आहे ती. घाण आहे, साहेब."

दुर्बिणींनी चष्मा परत नाकावर चढवला. "असू दे. मग ह्याच बाईंच्या हातची घाण पाहिजे. त्या काउंटरवर नसतील तर आम्ही सगळे दुसरं दुकान बघू."

तर खुर्ची तूर्त माझी आहे. "तेज मात्र घरी ठेवून या," एवढीच मालकांची अट. ती मी आनंदाने पाळली आहे. तुझी डबी केराच्या टोपलीत टाकली, आणि असलं काही पुन्हा पाठवशील तर खबरदार. द्यायचंच असेल तर पायमोजे दे. भावोजींना नमस्कार.

तुझी (धुतलेल्या तोंडाची) बहीण

ता.क. पाकीट आणायचं राहून गेलं आणि तेवढ्यात दुर्बीण पुन्हा आले. चष्म्यावरचं उडून गेलं म्हणे. "आता ही नुसतीच दिसते," असं इतक्या पडेल आवाजात म्हणाले की मालकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे. घरी येऊन डबी टोपलीतून काढली. (टोपली कोरडी होती.) खुर्ची टिकवायची तर आता अट मोडायलाच हवी, तीही मालकांच्याच खुणेवरून. पण डबीत फार उरलेलं नाही. वडीच्या मधोमध बोटाएवढा खड्डा आहे, आणि तो मी पाडलेला नाही. म्हणजे आधी तू स्वतः लावून पाहिलीस. भावोजी त्यावर काय म्हणाले ते चिठ्ठीत लिहायला विसरलीस, मीही विचारत नाही. नवी डबी पाठव. हाच रंग, आणि न वापरलेली.

ता.क. २. एक नको, दोन पाठव. आमच्या ह्यांचा चष्माही सकाळी मीच पुसून देते, आणि खिडकीचा पडदा मी धुवायला काढला आहे.