छातीतली शिट्टी

प्रिय अक्का,

काल तुझ्या सासूबाईंनी तुझ्या खोलीचं कुलूप काढलं. तू गेल्यापासून ती बंदच होती. हे तुला दुसरं कोण सांगणार? म्हणून लिहितेय.

त्या दुपारी तू कापूस वेचून आलीस, कंबर दुखते म्हणून गोळी घेतलीस आणि आडवी झालीस. थोड्या वेळात तुझं तोंड लालबुंद झालं, नाक वाहायला लागलं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. वैशाली सांगते, आईचा तो आवाज पार अंगणापर्यंत येत होता. शिरपूरच्या दवाखान्यात न्यायला जीप दारात आली, तोवर तू गेलीसही. गावात मग एकच बोलणं. बाहेरचं काहीतरी त्या खोलीत शिरलं आणि तुला घेऊन गेलं.

तुलाही तसंच वाटायचं ना? दमा तुला होताच. पण मागे एकदा मला म्हणाली होतीस, "गोळी लिधी का कोनी तरी छातीवर बठस." गोळी घेतली की छातीवर कोणी बसतं, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस गं? अंगारा लावून गप्प बसलीस.

तुझं दहावं करून मी घरी पिंप्राळ्याला परतले. रडून रडून डोकं ठणकत होतं. जेवल्यावर मीही तुझ्यासारखीच दुखण्याची गोळी घेतली आणि भांडी घासायला बसले. आणि अक्का, तुझा तोच आवाज आला. अगदी कानामागून. वळून पाहिलं, कोणी नाही. ओट्यावर आले, तर तो माझ्यामागोमाग ओट्यावर आला. मला वाटलं, तूच आलीस. अंगावर काटा आला, पण तुला जा म्हणवेना.

तेवढ्यात हे कामावरून आले. माझ्याकडे बघतच राहिले.

"अगं, आवाज तुझ्या छातीतून येतोय."

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी आधी गोळी कुठली ते विचारलं. मग समजावलं, की दुखणं थांबवायला ही गोळी शरीरातल्या एका एन्झाइमचं काम बंद पाडते. दमा असलेल्या काही जणांत मात्र त्यामुळे दुसरीच द्रव्यं वाढतात आणि श्वासनळ्या आवळत जातात. मलाही दमा आहे, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना तुझं सांगितलं. ते म्हणाले, तुझंही असंच झालं असणार.

काल तुझ्या घरी जाऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग तिले कोनीच लई गयं नही?"

कोणीच नेलं नाही, अशी मी मान हलवली. त्यांनी कमरेची किल्ली काढली.

आत तुझी गोधडी तशीच होती, मधोमध दबलेली. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. आम्ही उंबऱ्यातच थबकलो. शेवटी वैशाली पुढे झाली, खिडकी उघडायला. तेवढ्यानेही तिला धाप लागली. पोरीलाही हा त्रास आहे, हे तू कधी बोलली नाहीस, अक्का!

तिला मी सोबत घेऊन आलेय. उद्या इथल्या डॉक्टरांना दाखवते. तिला कुठली गोळी चालते आणि कुठली नाही, हे तिला तोंडपाठ झाल्याशिवाय परत पाठवणार नाही. हा माझा शब्द.

आत्ता ती शेजारी झोपलीय, दुपारची. मी पेन थांबवून तिचा श्वास ऐकतेय.

तुझी धाकटी,
सुनंदा