लेसिएलीचा पाला

३ मार्च, मंगळवार
डॉक्टर स्पष्टच बोलला — चार आठवड्यांत टाचेची जखम भरत आली नाही, तर पाऊल काढावं लागेल. डावं पाऊल! चाळीस वर्षं चर्चच्या गायकांना ताल देतोय तो याच पायाने. उजव्याला ताल कळत नाही.

नर्स पिसिला दर मंगळवारी कॅमेरा घेऊन घरी येणार. जखम केवढी, ते कॅमेराच मोजतो. आज नऊ चौरस सेंटिमीटर. जांभळा उजेड टाकला की जंतू लाल चमकतात. त्याला अंधार लागतो, म्हणून माझ्या लेसिएलीने खिडक्यांना चटया लावल्या. कडेला लाल ठिपके दिसले, पिसिलाने नेमके तेवढेच खरवडले. दुखलं नाही. मधुमेहाने पाय बधिर, दुखतच नाही, तीच तर बोंब आहे.

१० मार्च
सात! चहात साखर नाही. लेसिएलीने कपाटाला कुलूप घातलंय. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने पहिल्यांदाच माझ्यापासून काही लपवलं — तेही साखर.

१७ मार्च
साडेचार. पिसिला म्हणाली, असंच चाललं तर काका, ईस्टरला उभे राहून ताल द्याल. गावभर सांगून आलो.

२४ मार्च
घात झाला! पट्टी सोडली, उजेड टाकला — अख्खी टाच लाल. पिसिलाचा चेहरा उतरला. ती डॉक्टरला फोन लावायला उठली. मी पावलाकडे बघत बसलो. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात लेसिएली दारातून पुटपुटली. दोन दिवस ती नोनूचा पाला वाटून जखमेला लावतेय, दुपारी मी घोरत असताना. मला पत्ताच नाही! वर म्हणते कशी, "माझ्या आईने पाल्यावर अख्खा गाव बरा केला. सगळं श्रेय त्या कॅमेऱ्यालाच का?"

पिसिलाने कपाळावर हात मारला. पानाचा रसही त्या उजेडात लालच चमकतो! टाच मिठाच्या पाण्याने धुतली, पुन्हा उजेड टाकला. लाल गायब. तीन! पिसिलाने लेसिएलीला दम भरला, मग तिघंही पोट धरून हसलो. पाला बंद.

३१ मार्च
दीड. पाऊल वाचलं! डॉक्टरचा निरोप आला.

पिसिला सामान आवरत होती, तेव्हा तिला लेसिएलीच्या पायाच्या तळव्यावर हिरवा डाग दिसला. पाला अजून चालूच आहे तर, म्हणून आम्ही तिला चिडवलं. पिसिलाने गमतीत उजेड टाकला. लालभडक. हसत हसत तळवा धुतला. पुन्हा उजेड.

लालच.

मी विचारलं, ही जखम कधीपासून?

"नाताळापासून. म्हटलं, आधी तुमचं पाऊल बरं होऊ दे."

साखरेच्या कपाटाची किल्ली मी तिच्याकडून मागून घेतली.